ओ, फोटो कशाला?

संक्रांत तोंडावर आलेली, त्यात रविवार. पुण्याच्या महात्मा फुले मंडईच्या बाहेर पाय ठेवायला जागा नाही. पोती अंथरून बायका भोगीच्या भाजीचे वाटे लावून बसल्या आहेत. वाटाणा, पावटा, गाजराचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, उसाची पेरं आणि वर मूठभर बोरं. पलीकडे सुगडांच्या उतरंडी. ऊन तिरपं आहे, अजून तासभर तरी असंच राहील. त्या तासासाठीच मी आलोय.

बरोबर आमच्या सोसायटीतला एक मुलगा आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा. मामाची सत्तर-दोनशेची लेन्स त्याने मागून आणलीय. ती पांढरी नळी घेऊन तो रस्त्यापलीकडे रिक्षांच्या आडोशाला उभा आहे. तिथून आपण कोणाला दिसत नाही अशी त्याची समजूत. मला तो दिसतोय. सगळ्या मंडईलाच दिसतोय.

"ओ साहेब! ओ! फोटो कशाला काढताय?"

आवाज लसणाच्या पाटीमागून येतो. मुलाच्या लेन्सचं तोंड आहे शेंगा सोलणाऱ्या बाईकडे. तिचं लक्षही नाही, मान खाली, अंगठा चाललाय. हरकत घेतलीय तिच्या डाव्या हाताला बसलेल्या लसूणवाल्याने. हे नेहमीचंच. हरकत घेणारा माणूस बहुतेक वेळा फोटोत नसतोच. तो शेजारी असतो, पलीकडे चहा पीत असतो, नाहीतर स्कूटर थांबवून मुद्दाम वळून आलेला असतो. ज्याचा फोटो निघतो तो लाजतो, हसतो, तोंड फिरवतो. भांडायला येतो तो तिसरा.

मुलगा रस्ता ओलांडून येतो, ही एक गोष्ट तो बरोबर करतो. पळाला असता तर मागे चार जण लागले असते. पण आल्याआल्या म्हणतो, "पब्लिक प्लेस आहे काका, काढू शकतो."

"पब्लिक प्लेस? पब्लिक म्हणजे कोण? आम्हीच ना?"

याला उत्तर नाही. आसपासच्या दोघातिघांना हा मुद्दा आवडतो, ते जवळ सरकतात. एक गिऱ्हाईक हातातली पिशवी खाली ठेवतं, म्हणजे आता ते सवडीने ऐकणार. "परवानगी घेतलीय का?" ते विचारतं.

"कोणाची?"

"कोणाची ते मला काय माहीत? पण लागते."

मी मध्ये जातो. कॅमेरा गळ्यात खाली सोडलेला, दोन्ही हात मोकळे. लसूणवाल्याकडे बघून मान हलवतो, पण बोलायला बसतो बाईजवळ. उभं राहून बोललं की आपण साहेब होतो आणि पोत्यावर बसलेला माणूस बसलेलाच राहतो, म्हणून उकिडवं बसायचं.

"मावशी, या पोराने तुमचा फोटो काढलाय. बघा, नको असेल तर पुसतो."

तिला हे आत्ता कळतंय. पदर डोक्यावरून पुढे घेते, मग कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर वाकते. "शेंगा सोलतीय त्याचा काय फोटो?" म्हणते. मग आवाज खाली आणून विचारते, "कार्पोरेशनचे नाहीत ना तुम्ही?"

खरी भीती ही. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्याच्या दृष्टीने कॅमेरा म्हणजे पुरावा. आज कोणी फोटो काढला की उद्या अतिक्रमणवाल्यांची गाडी येते, वजनकाटा उचलते, पाटी उचलते, हा हिशोब तिच्या मनात पक्का आहे. पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये झाला. सर्वेक्षण, ओळखपत्र, ठरवून दिलेली जागा असं सगळं त्यात आहे. पण कागद असलेल्याच्या शेजारी कागद नसलेली मावसबहीण बसते आणि ओळीत फूटभर पुढे सरकलेल्या पाटीला कोणताच कागद पुरत नाही. लसूणवाला ओरडला तो बाईच्या अब्रूसाठी असं मघाशी सगळ्यांना वाटलं. त्यात ते होतंच, पण त्याची स्वतःची पाटीही फोटोत अर्धी आलीय, हे पडद्यावर दिसतंय.

"कार्पोरेशनचे नाही, पेपरचे नाही. छंद आहे."

"छंद," ती म्हणते आणि लसूणवाल्याकडे बघते. दोघांनाही हे उत्तर पटलेलं नाही. रविवारी सकाळी अंघोळ करून माणसं दुसऱ्याच्या शेंगांचे फोटो काढायला येतात, हे पटण्यासारखं नाहीच. तरी खरं तेच सांगायचं. कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, प्रदर्शन आहे, अशा थापा सुचतात. त्या चालूनही जातात. पण पुढच्या रविवारी इथेच यायचं असतं.

"डिलीट करा," लसूणवाला म्हणतो. "माझ्यासमोर करा."

मुलगा माझ्याकडे बघतो. फोटो चांगला आलाय, मीही पाहिलाय. अंगठ्याचं नख आणि त्याखालून उडालेला एक दाणा, दोन्ही धारदार. मी काही बोलत नाही. तो डिलीटचं बटण दाबतो, मग दाबून दाखवतो.

"रिसायकल बिनमधे नाही ना ऱ्हात?"

"नाही, कॅमेऱ्याला नसतो तो."

(कार्डावरून पुसलेला फोटो सॉफ्टवेअरने परत आणता येतो, हे मुलाला ठाऊक आहे. तसं करायचं नाही, हे त्याला घरी जाताना सांगेन.) रोलच्या जमान्यात हा सौदा फार महागात जायचा. एक चेहरा पुसायचा म्हणजे मागचं झाकण उघडून छत्तीसच्या छत्तीस उन्हाला दाखवायचे. त्यामुळे फोटोग्राफर हटून बसायचा, आणि समोरचाही. आता एकच पुसता येतो. भांडण लवकर मिटतं, मात्र मागणीही लवकर येते.

मुलाचं कायद्याचं बोलणं तसं चूक नाही. रस्त्यावर उभं राहून फोटो काढायला आपल्याकडे सहसा कोणाचा परवाना लागत नाही. लष्कराच्या आणि तशा प्रतिबंधित जागांसाठी १९२३ चा गुपितांचा कायदा आहे, आणि कॅम्प, खडकीकडे त्या पाट्या भिंतीभिंतीवर आहेत. बाईच्या खासगी क्षणांचं चोरून चित्रण हा २०१३ पासून वेगळा गुन्हा आहे, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये येतो. शेंगा सोलणं यात कुठेच बसत नाही. पण २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा हेही मांडलं गेलं की माणूस चारचौघांत आला एवढ्यावरून त्याचा खासगीपणा सरत नाही. म्हणजे लसूणवाल्याच्या पाठीशीही थोडा कायदा उभा आहे, त्याला तो माहीत नसला तरी.

अमेरिकेत फिलिप-लोर्का डिकोर्शिया या छायाचित्रकाराने टाइम्स स्क्वेअरला उंचावर फ्लॅश बांधून, स्वतः लांब थांबून, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे टिपले होते. त्यातल्या एका वृद्ध, सनातनी ज्यू गृहस्थांना आपला चेहरा गॅलरीत विकला गेल्याचं काही वर्षांनी कळलं. आपल्या धर्मात हे बसत नाही म्हणून ते कोर्टात गेले. २००६ मध्ये कोर्टाने ही कला आहे असं म्हणून दावा फेटाळला. आमच्या बाजूचा निकाल, पण इथे तो सांगून काय होणार? मंडईत कोर्ट भरत नाही. भरलं तरी निकाल लागेपर्यंत ऊन थांबत नाही.

भांडण संपल्याची खूण म्हणजे पिशवी खाली ठेवलेलं गिऱ्हाईक पिशवी उचलतं. "लसूण कसा दिला?" मी विचारतो आणि पाव किलो घेतो. ही लाच नाही, घरचा लसूण खरंच संपलाय. तरी मुलाच्या चेहऱ्यावर ती शंका दिसते.

एवढ्यात एक तरुण मोबाइल काठीला लावून, स्वतःशीच मोठ्याने बोलत, "तर मित्रांनो, आपण आलोय पुण्याच्या फेमस मंडईत," म्हणत सगळ्या रांगेवरून कॅमेरा फिरवत निघून जातो. त्यात लसूणवाला येतो, बाई येते, मी येतो. कोणी हूं की चूं करत नाही. मोबाइल सगळ्यांकडेच असल्याने तो कोणाला टोचत नाही. खांबावरच्या सीसीटीव्हीचंही तसंच. फेब्रुवारी २०१० मध्ये जर्मन बेकरीत आणि ऑगस्ट २०१२ मध्ये जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले, त्यानंतर या शहरात खांबावरचा कॅमेरा रक्षणकर्ता झाला आणि हातातला कॅमेरा संशयित. अर्थात खांबावरच्याला कोणी 'कशाला' विचारायला गेलं तरी तो खाली उतरून उकिडवा बसणार नाही.

मुलाला मी माझी पस्तीसची लेन्स लावायला देतो आणि त्याची नळी माझ्या झोळीत ठेवतो. पस्तीसने माणूस कमरेपर्यंत मोठा घ्यायचा तर पाच फुटांवर जावं लागतं. समोरच्याला आपण दिसतो, आपले पिकलेले केस, झिजलेल्या चपला दिसतात. त्याला नको असेल तर तो नको म्हणू शकतो, आणि म्हणतोही. लांबून काढलेल्या फोटोत त्याला ही सोय नसते. म्हणून पकडलं गेल्यावर लोक जास्त चिडतात, आणि मला त्यांचं चिडणं रास्त वाटतं. वॉकर इव्हान्ससारख्या मोठ्या माणसाने कोटाच्या आत कॅमेरा लपवून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत फोटो काढले. ते १९३८ ते १९४१ चे फोटो पुस्तकरूपाने आले १९६६ मध्ये. मधली वर्षं त्यालाही अवघड गेली असावीत.

आत, मुख्य इमारतीत, हवा बदलते. दगडी मंडपात गाळे उंचावर, त्यावर मांडी घालून विक्रेते. खालून बघणारं गिऱ्हाईक लहान आणि ते देवासारखे वर. इथे लोक फोटोला सरावलेले आहेत. मी झोळीतून पाकीट काढतो. त्यात मागच्या खेपेचे चार बाय सहाचे प्रिंट आहेत. मिरच्या-आल्याच्या गाळ्यावरच्या आजोबांना त्यांचा देतो. ते तो लांब धरून, जवळ धरून, उलटा करून बघतात.

"बल्ब का घेतला डोक्यावर?"

"उजेड छान होता."

"टोपी नीट नव्हती. सांगायचं ना."

शेजारच्या गाळ्यावरच्या आजी वाकून बघतात. "आणि आमचा?"

"तुम्ही त्या दिवशी नव्हता आजी."

"होते. इथंच होते. हे बघ की, माझा हात आलाय." खरंच, प्रिंटच्या कडेला बांगड्या भरलेला एक हात आहे, मनगटापर्यंत. "माझा हात घेतलास, मला का नाही घेतलं?"

या हरकतीला कायद्याच्या पुस्तकात कलम नाही. मुलगा पुढे होतो, पाच फुटांवर उभा राहतो, आणि आजी कोथिंबिरीच्या जुड्यांमागे ताठ बसून फोटोसाठी करायचा तो कठोर चेहरा करतात. फोटो वाईट येतो. तोच छापून आणायला लागणार. आजोबा मध्येच सांगतात, "टोपी नीट केलीय, माझा परत घ्या."

हरकतींचं या इमारतीला वावडं नसावं. ही बांधायला निघाली तेव्हा नगरपालिकेत तिच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं होतं. १८८६ मध्ये ती गव्हर्नर रे यांच्या नावाने उघडली. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने, जिला जोतीरावांनी नको म्हटलं तिलाच त्यांचं नाव लागलं. आजी त्याच नावाच्या छताखाली माझ्याकडे अजून संशयाने बघतायत. "आणशील ना रे नक्की?"

बेलबाग चौकातून उत्तरेला निघतो. दगडूशेठच्या रांगेजवळ एक पोलीस झोळीकडे बोट दाखवतो, मी उघडून दाखवतो, लेन्स आणि लसूण बघून तो हसतो आणि सोडतो. बुधवार पेठेतल्या काही गल्ल्यांच्या तोंडाशी मी मुलाला कॅमेरा आत टाकायला सांगतो. तो कारण विचारत नाही. तिथे दारात उभ्या असलेल्या बायकांचा चेहरा फोटोत दिसला, तर ते गावाकडच्या घरापर्यंत जातं. तिथे परवानगी मागणंही आगाऊपणाच.

शनिवारवाड्यासमोर मात्र सगळेच सगळ्यांचे फोटो काढतायत. दिल्ली दरवाजापुढे कोणाच्या फोटोत कोण आलं याचा हिशोब अशक्य. वाड्याच्या पुढे कसब्याच्या बाजूला, एका दारात तीनेक वर्षांची मुलगी बोरं खात बसलीय, गाल फुगलेला, बी कुठे टाकायची या विचारात. मुलगा कॅमेरा वर नेतो. मी त्याचा हात खाली घेतो.

"आधी आई."

"क्षण जाईल, काका."

जाऊ दे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारे आले अशा मोबाइलवरच्या अफवेवरून, भिक्षेकरी समाजाच्या पाच माणसांना गावाने बाजाराच्या दिवशी ठेचून मारलं. त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता, ते एका लहान मुलीशी बोलले असं कोणीतरी म्हणालं, एवढंच. तेव्हापासून अनोळखी पोराकडे मी आधी हसतसुद्धा नाही, आई शोधतो. इथे आई दाराआडच आहे, हात पुसत येते. काय पाहिजे, विचारते. सांगतो. ती मुलीकडे बघते, आमच्याकडे बघते. "नको," म्हणते. "तिचे बाबा रागावतात. ते इन्स्टाला टाकतात ना लोक."

"बरं ताई."

बस्स. कारण विचारायचं नाही, हसून मनधरणी करायची नाही, 'टाकणार नाही हो' असं सांगायचं नाही. मुलगी बी थुंकते, ती मुलाच्या बुटावर पडते. आई ओशाळते, आम्ही निघतो.

तांबट आळीत हातोड्यांचा आवाज कोपऱ्यावरच भेटतो. पेशवाईत कोकणातून येऊन वसलेल्या तांबटांची ही वस्ती. तांब्याच्या भांड्यावर ठोक्यांच्या ओळी उठवायच्या, त्याला मठारकाम म्हणतात. प्रत्येक फोटोग्राफर इथे येतोच, कारण धूर, तांबं, अंधारातला एक उजेडाचा झोत, सगळं आयतं. एका दारात थांबतो. आतला कारागीर मान वर न करता म्हणतो, "काढा."

मुलाला वाटतं, संपलं, परवानगी मिळाली. तो काढायला लागतो. चार-पाच झाल्यावर तोच माणूस, हातोडा चालूच, म्हणतो, "किती जण येऊन गेले. फॉरेनर आले, कॉलेजचे आले. पुस्तकात छापलं म्हणे कोणीतरी. एकानं आणून दाखवला नाही."

आवाज चढलेला नाही, पण मंडईतल्या आरड्याओरड्यापेक्षा हे मला जड जातं. इथे फोटो काढायला ना नाही. काढून परत न येण्याबद्दल गाऱ्हाणं आहे, आणि ते आमच्या सगळ्या जमातीवर आहे. पुण्याच्याच संदेश भंडारे यांनी तमाशाचे फोटो काढले ते फडांबरोबर गावोगाव फिरून, तंबूत राहून. मुंबईत सुधारक ओलवे वर्षानुवर्षं सफाई कामगारांमागे गटारापर्यंत गेले. त्यांना 'कशाला' असं कोणी विचारलं असेलच, पण एकदा विचारून थांबले असतील. आम्ही रविवारचे. आम्हाला दर दारात नव्याने विचारणार.

"तुमचा आणून देतो," मुलगा म्हणतो.

"बघू." ठोका. "मोबाइलवर पाठवला तरी चालंल." ठोका. नंबर सांगतो. मुलगा तिथेच उभ्या उभ्या कॅमेऱ्यातून मोबाइलवर फोटो घेतो आणि पाठवतो. कारागिराचा फोन खिशात वाजतो. तो काढून बघत नाही, हातातलं घंगाळ संपायचंय.

जुन्या बाजारात पोचतो तेव्हा ऊन डोक्यावर आलंय, फोटोच्या दृष्टीने दिवस संपलाय. रविवार आणि बुधवारचा हा बाजार. नळाच्या तोट्या, पान्हे, बंद पडलेल्या इस्त्र्या, एका पायातले बूट. माझा कॅमेरा बघून पहिलाच दुकानदार विचारतो, "द्यायचाय का?" नाही म्हटल्यावर त्याचा रस संपतो. दुसरा हात आडवा करतो, "मालाचा नको." माल कुठून आला हे इथे कोणी कोणाला विचारत नाही, आणि फोटो म्हणजे विचारल्यासारखंच. मान हलवून पुढे जातो.

पुढच्या ताडपत्रीवर भिंतीवरच्या घड्याळांमध्ये एक मोठी लाकडी फ्रेम पडलीय. आत स्टुडिओतलं जोडपं. खुर्चीत कोट-टोपीतले गृहस्थ, शेजारी उभ्या नऊवारीतल्या बाई, मागे रंगवलेला जिना. काचेला एका कोपऱ्यात तडा.

"कितीला?"

"फ्रेमचे दोनशे. आतली माणसं फुकट."

मुलगा खाली बसतो आणि त्या जोडप्यावर कॅमेरा धरतो. दुकानदाराचा हात झटकन काचेवर येतो, नेमका बाईंच्या चेहऱ्यावर.

"फोटोचा फोटो नाही काढायचा. कोणाच्या तरी घरचे आहेत ते."

"अहो, तुम्हीच विकताय ना?"

"विकतो म्हणजे देतो. घेणारा भिंतीला लावतो, पुसतो. तुम्ही काय, मोबाइलवर फिरवणार."

मुलगा माझ्याकडे बघतो. मी घड्याळं बघतोय, माझ्याकडे काहीही उत्तर नाही. हात काचेवरून हलत नाही.

"दीडशेला देता?"

"दोनशे सांगितले ना."

मुलगा खिसा चाचपतो, मग स्कॅन करायचा कोड कुठे लावलाय ते विचारतो. दुकानदार कोड द्यायला वळतो तेव्हा कुठे तो हात सुटतो. फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळली जाते, सुतळी बांधली जाते.

"आईला काय सांगशील, हे कोण म्हणून?"

"सांगीन, फ्रेम चांगली होती," तो म्हणतो आणि ती काखेत मारून रिक्षा बघायला लागतो.